फक्त सुट्टीचा गणवेश

मित्रांनो, कपड्यांच्या जातीत चोवीस वर्षे म्हणजे पिकले वय, आणि तेवढे मी गाठले आहे. सध्या माझा मुक्काम एका लाकडी कपाटाच्या वरच्या खणात, पुठ्ठ्याच्या खोक्यात, फाटक्या तंबूच्या शेजारी असतो. मी दक्षिण कोरियाच्या पायदळातल्या एका शिपायाचा गणवेश. खरे तर मी म्हणजे दोघे आहोत, एक सदरा आणि एक विजार. बोलतो तो मी, सदरा. विजारीला बोलायची सवय नाही, ती बिचारी चालण्याचे काम करते.

तुम्हाला वाटेल, आता हा लढाईच्या गोष्टी सांगणार. लढाई राहू द्या, मित्रांनो, मी धड कवायतही पाहिलेली नाही. माझ्या अंगाला कधी चिखल लागला नाही की बंदुकीचे तेल लागले नाही. माझे आयुष्य बसमध्ये, खानावळीत, बाजारात आणि एका लग्नात गेले. लष्कराचा कपडा साध्या लोकांच्या कार्यात घालावा की घालू नये, असा वाद माणसे घालतात तेव्हा मी कान टवकारतो, कारण तो वाद माझाच आहे. पण कोण बरोबर आणि कोण चूक हे मला अजून कळलेले नाही. मी पुरता गोंधळलेला गणवेश आहे, हे आधीच सांगून टाकतो.

माझा जन्म दक्षिणेकडच्या एका शिवणकारखान्यात झाला. ओळीने बसलेल्या बायका कुणी बाही लावीत, कुणी खिसे जोडीत, आणि बोलत मात्र रात्रीच्या कालवणाबद्दल. माझ्या कापडावर हिरवे, तपकिरी आणि काळे डाग छापलेले होते. झाडाझुडपांत माणूस दिसू नये म्हणून हे डाग, असे मी तिथे ऐकले. पुढे आयुष्यभर मी जिथे जिथे गेलो तिथे सगळ्यांत आधी माणसांच्या नजरेत भरलो तो त्या डागांमुळेच.

कारखान्यातून मी उत्तरेच्या डोंगरातल्या एका छावणीत गेलो आणि होंग जेग्यू नावाच्या शिपायाच्या वाट्याला आलो. जेग्यू आंदोंगचा. वडील लवकर वारलेले, आईची बाजारात शेवयांची छोटी खानावळ, आणि एक थोरली बहीण, इन्सुक. आमच्याकडे मुलगा सैन्यात भरती झाला की पहिल्याच आठवड्यात त्याच्या अंगावरचे घरचे कपडे काढून घेतात, खोक्यात बांधतात आणि टपालाने त्याच्या घरी पाठवतात. ते खोके उघडून रडली नाही अशी आई आमच्या देशात सापडायची नाही. जेग्यूच्या आईने तर म्हणे त्याचा शर्ट तीन दिवस धुतलाच नव्हता.

माझ्याबरोबर मला एक जुळा भाऊ मिळाला. दोघेही एकाच गठ्ठ्यातले, पण नशीब वेगळे. भावाला रोजच्या कामाला जुंपले. त्याने खंदक खणले, बर्फ उपसले, कोपरावर तीन ठिगळे मिरवली. मला मात्र पहिल्या दर्जाचा म्हणून बाजूला काढून खुंटीला टांगले. छावणीत प्रत्येक शिपायाचा एक गणवेश असा फक्त सुट्टीसाठी राखलेला असतो. भाऊ संध्याकाळी घामेजून परत आला की माझ्याकडे बघून म्हणायचा, "काय नवरदेव, आज काय केलंत? लटकत राहिलात?"

छावणीच्या फाटकाबाहेर एका मावशीचे शिवणाचे दुकान होते. माझ्या छातीवर जेग्यूच्या नावाची पट्टी तिनेच शिवली. दोनदा उसवून तिसऱ्यांदा शिवली.

"मावशी, चालेल की," जेग्यू म्हणाला. "एवढं कोण बघतंय?"

"आई बघते," मावशी दोरा दाताने तोडत म्हणाली. "घरी गेलास की ती आधी नाव बघेल आणि मग तोंड. वाकडं असलं तर मला शिव्या घालेल."

पहिल्या सुट्टीत माझे फार कौतुक झाले. बसमध्ये शेजारच्या आजीने उकडलेले अंडे सोलून थेट जेग्यूच्या तोंडात घातले. खानावळवाल्याने न मागता भात वाढला आणि म्हणाला, "खा रे बाबा, माझाही एक आहे तिकडं वर." मी फुगलो. पण त्याच दिवशी सोलच्या गाडीत एक मुलगी आम्हाला पाहून पलीकडच्या बाकावर जाऊन बसली, आणि स्थानकावर लष्करी पोलिसाने एका उघड्या बटणासाठी जेग्यूला दहा मिनिटे भिंतीशी उभे केले. एकाच दिवसात एकाच कपड्याला अंडे, भात, पाठ आणि भिंत. मी तेव्हापासूनच बुचकळ्यात पडायला लागलो होतो.

मग इन्सुकचे लग्न ठरले. नवरा मुलगा जोंगमान, ग्वांग्जूचा. साल शहाण्णव, महिना एप्रिल, रविवारी सकाळी साडेअकराचा मुहूर्त. वडील नसल्यामुळे नवरीचा हात धरून तिला नवऱ्यापर्यंत घेऊन जायचे काम जेग्यूचे. त्यासाठी त्याला सुट्टी मिळाली. छावणीतल्या टेलिफोनच्या खोपटात उभा राहून तो ताईशी बोलत होता, आणि त्या दिवशी अंगात मी होतो, कारण छातीवरचे नाव त्याला पुन्हा घट्ट शिवून घ्यायचे होते.

"जेग्यू, नीट ऐक," इन्सुक म्हणाली. "लग्नात गणवेश नको."

"मग काय घालू ताई? जुन्या शर्टात आता माझे खांदे मावत नाहीत."

"मामाचा काळा सूट आई बसमधून आणणार आहे. पोचलास की आधी तो चढव. जोंगमानच्या आईचा धाकटा भाऊ ऐंशी साली मे महिन्यात गेला. ग्वांग्जूत लोक रस्त्यावर उतरले होते, त्यांच्यावर सैनिक सोडले होते ना, तेव्हा. योंगबे नाव त्याचं. एकोणीस वर्षांचा होता. त्यांची आई बाळंतपणातच गेली, म्हणून सासूबाईंनीच त्याला पाठीवर बांधून वाढवलं होतं. मारणाऱ्यांच्या अंगात असलेच डागांचे कपडे होते."

"मी तेव्हा सहा वर्षांचा होतो गं."

"मला माहीत आहे. त्यांनाही माहीत आहे. पण डोळ्यांना कोण समजावणार?"

मी ते ऐकले आणि माझे बटण न् बटण गार पडले. त्या काळात साध्या शिपायांचे गणवेश नुसते हिरवे असत, डाग होते ते थोड्याच तुकड्यांच्या अंगावर. पुढे दहा वर्षांनी तेच डाग सगळ्यांना दिले. मी तर तेव्हा कापसाच्या बोंडातही नव्हतो. तरी कुणा बाईने मला पाहिले तर तिला मी तोच वाटणार होतो. याला काय म्हणावे, मित्रांनो?

मग जेग्यूने आईला फोन लावला. आई म्हणाली, "सांगितलंय मला इन्सुकनं. सोळा वर्षं झाली त्याला. माझ्या लेकानं कुणाचं काय वाकडं केलंय? तुझे बाबा नाहीत. त्यांच्या जागी तू उभा राहणार, आणि तेही मामाच्या त्या ढगळ सुटात? अख्खी आळी बस करून येते आहे तुला बघायला."

"आई, सूट आण."

"आणते रे बाबा, आणते."

निघायच्या आदल्या दिवशी सार्जंट चू याने मला इस्त्री केली. तांदळाच्या पेजेचे पाणी शिंपडून त्याने माझ्या पाठीवर तीन घड्या अशा कडक पाडल्या की हात लागला तर कापेल. हा मान सुट्टीवर जाणाऱ्यालाच मिळतो.

"सूट घालायचाय मला सार्जंट," जेग्यू म्हणाला.

"सुटात तू वाढपी दिसशील. यात भाऊ दिसशील."

"पण नियम काय आहे?"

"सुट्टीवर जाताना गणवेश घाला, हा एक नियम. गणवेशाला शोभणार नाही अशा जागी जाऊ नका, हा दुसरा. लग्न शोभतं की नाही ते काही कुणी लिहून ठेवलेलं नाही." चू इस्त्री आपटत म्हणाला. "आता हालू नकोस, बाही बिघडेल."

मित्रांनो, ताई म्हणते नको, आई म्हणते हवा, सार्जंट म्हणतो छान दिसतो, आणि नियम काहीच म्हणत नाही. मी गणवेश, मला हुकूम पाळायची सवय. इतके हुकूम एकदम आले तर मी कुणाचा पाळायचा?

शनिवारी आम्ही डोंगरातून निघालो, सोलला जेग्यूच्या एका मित्राकडे मुक्काम केला आणि रविवारी पहाटेच्या बसने ग्वांग्जू गाठले. बाहेर पाऊस भुरभुरत होता. टॅक्सीवाल्याने आरशातून माझ्याकडे पाहिले, "कुठं?" एवढे एकच विचारले आणि मग सगळ्या रस्त्यात तोंड उघडले नाही. उतरताना मात्र म्हणाला, "छत्री नाही का तुला? पळत जा." हे चांगले बोलणे की तुसडे, तेही मला ठरवता आले नाही.

लग्नाचे सभागृह तिमजली होते आणि प्रत्येक मजल्यावर दर तासाला एक लग्न लागत होते. आंदोंगची बस आधीच येऊन ठेपली होती. गाऊन गाऊन घसा बसलेल्या बायका तांदळाच्या वड्यांचे डबे उतरवत होत्या. जेग्यूची आई गुलाबी रेशमी पोशाखात पुढे आली, तिने आधी माझ्या छातीवरचे नाव वाचले, मग मुलाचे तोंड पाहिले. मावशीचे बोलणे खरे निघाले.

"सूट कुठं आहे आई?"

"अगं बाई," ती म्हणाली, "खुंटीलाच राहिला वाटतं."

"ताई, मी स्वतः पिशवीत घातला होता की," मागून मामा म्हणाला. मामा चांगला अंगापिंडाने भरलेला गृहस्थ, तपकिरी सुटात घामाघूम झालेला.

"हो, पण मग वड्यांचा डबा त्यात ठेवला. एका पिशवीत दोन्ही कसं मावणार? उपाशी का ठेवायचे लोक?"

मी जेग्यूच्या पाठीला चिकटून होतो, म्हणून मला कळले की त्याला घाम फुटला होता. घड्याळात अकरा वाजून आठ मिनिटे झाली होती. खरे सांगतो, मला त्या क्षणी आनंदही झाला होता. लग्नात जायला कुणाला आवडत नाही? आळीतल्या बायका मला बोट लावून लावून पाहत होत्या. "काय ती घडी! आमच्या घरात सुनेला जमायची नाही," असे एकजण म्हणालीसुद्धा.

तेवढ्यात जोंगमान, नवरा मुलगा, पाहुण्यांना भेटत भेटत आमच्यापर्यंत आला. मला पाहून त्याचे हसू अर्धेच राहिले.

"दाजी, माफ करा," जेग्यू म्हणाला. "सूट आला नाही."

जोंगमानने त्याला खांबाआड नेले. "तुला सांगतो जेग्यू, मीपण तीस महिने सैन्यात होतो. आमचा तर साधा हिरवा कपडा होता. तरी एकदाही आईसमोर त्यात गेलो नाही. स्टेशनाजवळ एक सार्वजनिक न्हाणीघर आहे, तिथं अंघोळ करून कपडे बदलायचो आणि मग घरी जायचो. तिनं कधी म्हटलं नाही बदल म्हणून. मीच." त्याने घड्याळ पाहिले. "थांब, कुणाचा तरी कोट बघतो."

पण उशीर झाला होता. जिन्याशेजारच्या खोलीचे दार उघडले आणि निळ्या रेशमी पोशाखात जोंगमानची आई बाहेर आली. यांग सुन्ये तिचे नाव. बारीक चणीची, अठ्ठावन्न वर्षांची बाई. आमच्याकडे लग्नाची सुरुवात दोन्ही आया करतात. वधूची आई आणि वराची आई हातात हात घालून सगळ्यांच्या मधून चालत जातात आणि दोन मेणबत्त्या लावतात. त्याशिवाय लग्न पुढे सरकत नाही. सुन्येबाई त्यासाठीच निघाली होती. तिने वर पाहिले, आणि समोर मी होतो.

तिने भिंतीला हात लावला आणि बाकावर बसली.

सभागृहाचा व्यवस्थापक धावत आला. "दोन्ही आया तयार ना? साडेबाराला इथं दुसरं लग्न आहे हो. त्यांची माणसं खाली येऊन बसलीत."

जेग्यूची आई गुलाबी पोशाख सावरत तिच्यासमोर उभी राहिली. "विहीणबाई, माझा मुलगा आहे हो तो. बावीस वर्षांचं पोर. त्यानं कुणाला साधा धक्कासुद्धा..."

"मला कळतंय," सुन्येबाई म्हणाली. "माझं काही म्हणणं नाही विहीणबाई. त्याला राहू दे. फक्त माझे पाय उठत नाहीत."

मित्रांनो, त्या वेळी मला जी लाज वाटली ती मी सांगू शकत नाही, आणि ती का वाटली हेही सांगू शकत नाही. मी काही केले नव्हते. पण काही न करता तिथे असणे हेच पुरेसे झाले होते. आतल्या खोलीत नवरी पांढऱ्या पोशाखात बसली होती आणि दारातून तिला सगळे दिसत होते. वडील गेल्यावर तिने शिवणाच्या कारखान्यांत राबून या भावाला शिकवले होते, आणि याच भावाचा हात धरून तिला चालायचे होते. आता भाऊ आत आला तर सासू बसून राहणार, आणि भाऊ बाहेर राहिला तर ती कुणाच्या हाताने जाणार? त्या पोरीने कुणाला काय म्हणावे?

जेग्यूने माझी बटणे काढायला सुरुवात केली. वरून खाली, एकेक. आत हिरवा बनियन होता. मामाने हे पाहिले आणि स्वतःचा तपकिरी कोट उतरवून त्याच्या अंगावर टाकला. कोटात आणखी एक जेग्यू मावला असता. विजार बदलायला ना वेळ होता ना दुसरी विजार. म्हणजे वरून मामा आणि खालून शिपाई, असा तो दिसत होता. मामा स्वतः शर्टावर, पोट सावरत उभा राहिला.

राहिलो मी. जेग्यूच्या हातात. बाकावर वड्यांचे डबे होते, खुंटीवर ओल्या छत्र्या. तो मला खाली फरशीवर ठेवायला वाकला. फरशी पावसाच्या पायांनी चिखलून गेली होती.

"खाली नको ठेवू," सुन्येबाई म्हणाली, आणि तिने हात पुढे केला.

जेग्यूने मला दोन्ही हातांनी तिच्याकडे दिले. तिने मला डाव्या हातावर घेतले, भिंतीला धरले आणि ती उठली. जेग्यूची आई घाईने म्हणाली, "द्या विहीणबाई, मी धरते."

"असू द्या. उशीर होतोय."

आणि मग दोघी निघाल्या, मित्रांनो. एक गुलाबी, एक निळी, हातात हात घालून, दोन्हीकडे माणसे बसलेली. सुन्येबाईच्या कोपरात मी लोंबत होतो. तिने एका हाताने निळी मेणबत्ती लावली. पहिल्या वेळी पेटली नाही, दुसऱ्यांदा पेटली. दोघींनी एकमेकींना वाकून नमस्कार केला, पाहुण्यांना वाकून नमस्कार केला, आणि जागेवर येऊन बसल्यावर तिने मला मांडीवर घेतले. एकाने दुसऱ्याच्या कानात काहीतरी विचारले. उत्तर मला ऐकू आले नाही.

मग वाजंत्री सुरू झाली आणि नवरी आली. तिच्या शेजारी चालत होती माझी विजार. एरवी न बोलणाऱ्या त्या विजारीने नंतर मला सांगितले की कोट फार ढगळ होता, पायऱ्या दोन होत्या आणि ताई एकदाही अडखळली नाही. म्हणजे मी लग्नात होतो आणि नव्हतोही. माझे अर्धे अंग नवरीला घेऊन चालले होते आणि अर्धे अंग त्या बाईच्या मांडीवर होते.

त्या मांडीवर मी पाऊण तास राहिलो. तिचा अंगठा माझ्या डागांवरून फिरत होता, एका डागाच्या कडेने जाऊन दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे. ती मला जवळ धरून बसली होती की दाबून धरून बसली होती, ते मला आजही सांगता येत नाही. मला तिला म्हणायचे होते, आई, मी तो नाही. पण मग वाटले, असे म्हणणारा मी कोण? डाग तर तेच आहेत. कदाचित ते कपडेही कुणीतरी कडक इस्त्री करून पाठवले असतील. माझी पाठीवरची घडी तिच्या हातांच्या घामाने मोडली. पलीकडच्या खुर्चीवर जेग्यूची आई बसली होती. तिने सबंध लग्नात मुलाकडे फारसे पाहिलेच नाही, माझ्याकडे पाहत राहिली.

लग्न लागले, नवराबायको दोन्ही आयांच्या पाया पडले. फोटोवाला ओरडला, "ते तपकिरी कोटवाले, जरा मागे उभे राहा, पायात बूट दिसतायत." जेग्यू मागे गेला. फोटोत मी आहे, पण शोधावा लागतो. सुन्येबाईच्या हातावर हिरव्या फडक्यासारखे जे काही दिसते, ते मी.

शेवटी तिने मला नीट घडी घालून परत केले. जेग्यू कमरेत वाकला. "माफ करा," तो म्हणाला.

"तुझ्याकडं माफ करण्यासारखं काही नाही," सुन्येबाई म्हणाली. "आणि ज्यांच्याकडं आहे त्यांना मी केलेलं नाही. फरशी ओली होती, म्हणून धरला. जा, जेवून घे. सूप गार होतंय."

परतीच्या बसमध्ये कुणी फारसे गायले नाही. आई खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "सूट मी मुद्दाम ठेवला घरी."

"माहीत आहे, आई."

"तुझे कपडे त्या खोक्यातून घरी आले ना, तेव्हापासून मला बघायचं होतं, त्यांच्या बदल्यात तुला काय दिलं ते. चारचौघांत बघायचं होतं." तिने पदर नसलेल्या पोशाखाच्या रिबिनीने डोळे टिपले. "चुकलं का रे माझं?"

"मला कळत नाही गं," जेग्यू म्हणाला. त्याच्या पिशवीत पडल्या पडल्या मलाही कळत नव्हते.

पुढची कहाणी थोडक्यात सांगतो. सैन्यातून सुटल्यावर जेग्यूने आईची खानावळ सांभाळली. माझा जुळा भाऊ छावणीतच राहिला, त्याची पोतेरी झाली असे ऐकतो. मला घरी आणले, कारण सुटलेल्या शिपायांना काही वर्षे अधूनमधून सरावाला जावे लागते. त्या सरावाला सगळे बाप्ये बटणे उघडी टाकून, टोपी वाकडी करून, झाडाखाली डुलक्या काढत. माझ्यावर आमटीचे डाग पडले आणि छापलेल्या डागांत मिसळून गेले. नंतर जेग्यूचे पोट सुटले, माझी बटणे लागेनाशी झाली. सैन्याने कपड्याचा नमुनाच बदलला, बारीक चौकोनी ठिपक्यांचा नवा गणवेश आला, आणि मी खोक्यात गेलो. एका बाहीला कसर लागली. कुणी विचारीत नसे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. खोक्यात निदान कुणाच्या समोर येण्याची भीती नव्हती.

मागच्या वर्षी, म्हणजे दोन हजार अठरा साली, अचानक खोके खाली उतरले. झाकण उघडले तर समोर नव्या ठिपक्यांच्या गणवेशातला एक उंच मुलगा बसला होता. मी ओळखले नाही. मग जेग्यू त्याला म्हणाला, "हा बघ, याच्यामुळे तुझ्या आईचं लग्न लांबणार होतं." तो इन्सुकचा मुलगा होता, ऊजिन. पहिल्या सुट्टीवर आला होता. आमच्या देशात सैन्यात जाणे कुठल्याच मुलाला चुकत नाही, सुन्येबाईच्या नातवालाही चुकले नव्हते.

"मामा, रविवारी आजीचा ऐंशीवा वाढदिवस आहे," ऊजिन म्हणाला. "हॉटेलात सगळे जमणारेत. आई म्हणते, साधे कपडे घाल. बाबा म्हणतात, मी न्हाणीघरात बदलायचो, तू पण बदल. आमचे साहेब म्हणतात, वडीलधाऱ्यांसमोर गणवेशात जाणं हा मान असतो. तुम्ही सांगा, काय करू?"

जेग्यूने मला मांडीवर घेतले होते. शेवयांचे पाणी उकळून वर आले, त्याखालची आच त्याने आधी बारीक केली.

"मला विचारू नकोस," तो म्हणाला. "मी एकदा चुकलोय, आणि नक्की काय चुकलं ते मला अजून सांगता येत नाही. पण आम्ही सगळ्यांनी आपापसांतच ठरवलं बघ. आईनं, ताईनं, मी, सार्जंटनं. तिला कुणी विचारलंच नाही. लाव फोन."

ऊजिनने फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला. पलीकडून म्हाताऱ्या आवाजात "कोण?" आले.

"आजी, मी. रविवारी गणवेशात येऊ की बदलून येऊ? तुला जे बरं वाटेल ते. खरंच."

फोन कटला की काय म्हणून ऊजिनने त्यावर वाकून पाहिले.

"तुझ्या बापानं हे कधी विचारलं नाही," सुन्येबाई म्हणाली. "घालून ये. त्या कपड्यात माझं पोर मला ओळखू येतं का, ते एकदा बघायचंय मला."

"आणि नाही आलं ओळखू तर?"

"तर बाहेर जाऊन बदलून ये. मी जेवण थांबवून ठेवीन."

ऊजिन गेला. मी परत खोक्यात आलो. त्या रविवारी काय झाले, तिने त्याला ओळखले की तो बाहेर जाऊन कपडे बदलून आला, हे मला माहीत नाही. कपाटाला येऊन कोण सांगणार?

म्हणून मित्रांनो, गणवेश कार्यात घालावा की नाही, हे मला विचाराल तर मी आजही गोंधळलेलाच आहे. माझे म्हणणे एवढेच. आम्हाला धुता, इस्त्री करता, कसर लागू नये म्हणून गोळ्या टाकता, तशीच थोडी काळजी समोर बसणाऱ्या माणसाचीही घ्या. अंगात घालण्याआधी त्याला विचारा. त्या बाईला विचारायला ऊजिनला एक मिनिट लागले. आम्हाला बावीस वर्षे लागली.